अर्धी उदबत्ती

आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक ‘हार्ड डिस्क स्लो आहे’ असं कधीच म्हणत नाही. ते म्हणतं, सीपीयू जड चालतोय. सीपीयू म्हणजे अख्खं कॅबिनेट. ही चूक सुधारण्याचा नाद मी पहिल्याच वर्षी सोडला. कुणी म्हणतं मशीन हँग मारतंय, कुणाला व्हायरस शिरल्याची खात्री असते. एक निवृत्त तलाठी तर म्हणाले होते, “दम लागतोय हो त्याला.” या सगळ्या तक्रारींचा अर्थ निम्म्या वेळा एकच निघायचा, पण तो काढायला मला बरीच वर्षं लागली आणि त्या वर्षांची फी मी गिऱ्हाइकांकडूनच घेतली, हे आधीच कबूल करतो.

साताऱ्यात मोती चौकाच्या खालच्या अंगाला एका बोळात 2004 पासून माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. माल पुण्याच्या तपकीर गल्लीतून, स्वारगेटवरून एसटीच्या पार्सलनं यायचा. बोळाच्या तोंडाशी एक छापखाना: लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि वर्षातून एकदा एक छोटा दिवाळी अंक. मालक काका मला ‘इंजिनिअर’ म्हणतात. मी डिप्लोमावाला, तोही एक विषय राखून सुटलेला. त्या हाकेत थट्टा किती आणि मान किती, ते अजून नीट कळलेलं नाही.

2006 च्या पावसाळ्यात काका दुकानात आले आणि म्हणाले, “आरं इंजिनिअर, पूर्वी उदबत्ती लावून वळलो की पडद्यावर सगळं आलेलं असायचं. आता अर्धी उदबत्ती जळती.”

त्यांची सकाळ ठरलेली. शटर वर करायचं, कॉम्प्युटरचं बटण दाबायचं, टेबल पुसायचं, गणपतीच्या फोटोला फूल वाहायचं, उदबत्ती लावायची. तेवढ्यात विंडोज एक्सपी उठून बसलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी मी घड्याळ घेऊन गेलो. सहा मिनिटं चाळीस सेकंद. अर्धी उदबत्ती म्हणजे जवळजवळ वीस मिनिटं, तेव्हा काका वाढवून सांगत होते. पण सहा मिनिटं चाळीस सेकंद ही काही बटण दाबून शांतपणे उभं राहण्याची वेळ नव्हे.

त्याआधी दोनदा मी ते मशीन फॉरमॅट मारून दिलं होतं. दर वेळी तीनशे रुपये. फॉरमॅट मारल्यावर आठ-पंधरा दिवस झकास चालायचं आणि मग पुन्हा तेच. मी व्हायरसला दोष द्यायचो. काका पेन ड्राइव्ह आणणाऱ्या गिऱ्हाइकांना दोष द्यायचे. व्हायरसला दोष दिला की कुणाचंच मन दुखावत नाही, म्हणून ते निदान आमच्या धंद्यात फार लोकप्रिय आहे.

तिसऱ्या खेपेला मी एचडी ट्यून नावाचा प्रोग्रॅम सीडीवर टाकून नेला. डिस्क सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाचत जायची आणि किती वेगानं वाचली जाते त्याचा निळा आलेख काढायचा, एवढंच तो करतो. धडधाकट डिस्कचा आलेख डावीकडून उजवीकडे पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत जातो. कारण डिस्क बाहेरच्या कडेपासून भरायला सुरुवात होते. बाहेरच्या वर्तुळाचा घेर मोठा, त्यात सेक्टर, म्हणजे माल ठेवायचे कप्पे, जास्त मावतात आणि तबकडी फिरते तर एकाच गतीनं. म्हणून बाहेर एका फेरीत जास्त माल हाती लागतो, आत कमी. त्या काळची 80 जीबीची डिस्क सेकंदाला साठेक एमबीवर सुरू होऊन तिशीच्या वर कुठेतरी संपायची.

काकांच्या डिस्कचा आलेख उतरत नव्हता. चार-पाच एमबीच्या आसपास एक सरळ रेघ, फळ्यावर पट्टी ठेवून ओढावी तशी, डावीकडून उजवीकडे. आणि कोपऱ्यात प्रोसेसरचा वापर नव्वद टक्क्यांच्या वर.

त्या सरळ रेघेकडे मी किती वेळ बघत बसलो होतो कोण जाणे. मग डोक्यात आलं की तबकडी गोल आहे, तेव्हा आलेख सरळ येणं शक्यच नाही. सरळ आला याचा अर्थ डिस्क वेगळ्याच कुणाची तरी वाट बघत थांबलीय. तबकडी ते प्रोसेसर या वाटेत कुठेतरी नळ बारीक झालाय.

नळ म्हणजे अक्षरशः केबल. 80 तारांची ती रुंद राखाडी पट्टी कॅबिनेटचं झाकण बसवताना कुणीतरी दुमडून दाबली होती. कुणीतरी म्हणजे मीच, आदल्या वर्षी. दाबलेल्या पट्टीतून माल जाताना अधूनमधून चुका व्हायच्या. एक्सपीचा नियम असा की एकाच डिस्कवर अशा सहा चुका झाल्या की तिला खालच्या पद्धतीवर ढकलायचं. आणि शेवटची पायरी पीआयओ. नेहमीच्या डीएमए पद्धतीत डिस्कचा माल परस्पर मेमरीत उतरतो. पीआयओमध्ये प्रोसेसरला एकेक तुकडा स्वतः उचलून न्यावा लागतो. शिपाई रजेवर असल्यागत साहेबच फायली वाहतोय आणि बाकीची कामं खोळंबलीत. एकदा खाली उतरवलेली डिस्क एक्सपी आपणहून वर घेत नसे. फॉरमॅट मारला की खातं कोरं व्हायचं, पुन्हा सहा चुका भरायला आठ-पंधरा दिवस लागायचे. माझे सहाशे रुपये त्या आठ-पंधरा दिवसांचे होते.

केबल बदलली, डिव्हाइस मॅनेजरमधून चॅनल काढून टाकलं, मशीन पुन्हा सुरू केलं. एक मिनिट पन्नास सेकंद. केबल पन्नास रुपयांची. काकांनी पाकीट काढलं तेव्हा मी नको म्हटलं. ते म्हणाले, “आज का रं लाजतोस?” मी खरं कारण सांगितलं नाही.

त्या दिवसापासून मी एक लाल वही ठेवली. मशीन, तारीख, बटण दाबल्यापासून लागलेला वेळ, आलेखाची सुरुवात, शेवट आणि शोधवेळ. पहिल्या पानावर छापखान्याचे दोन आकडे: 6:40 आणि 1:50.

शोधवेळ म्हणजे त्या आलेखावर पसरलेले पिवळे ठिपके. मला खरा चटका लावला तो त्या ठिपक्यांनी. डेस्कटॉपची चांगली डिस्क मिनिटाला 7,200 फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला 120. एक फेरी 8.3 मिलिसेकंदांची. जत्रेतल्या पाळण्यासारखं आहे हे: आपल्याला हवा तो पाळणा नुकताच वर गेला असेल तर पूर्ण फेरी थांबा, नशीब असेल तर लगेच समोर येतो, सरासरी अर्धी फेरी. ते झाले सव्वाचार मिलिसेकंद. शिवाय माल वाचणाऱ्या हेडला एका ट्रॅकवरून, म्हणजे वर्तुळावरून, दुसऱ्यावर सरकायला सरासरी साडेआठ-नऊ. बेरीज तेरा. चांगल्या डिस्कवर पिवळे ठिपके तेराच्या आसपास मुंग्यांच्या रांगेसारखे पसरतात.

तेरा मिलिसेकंद ऐकायला काहीच नाही. पण हिशेब करून बघा. इथला एक तुकडा, तिथला एक तुकडा असं वाचायचं झालं तर सेकंदाला सत्याहत्तर तुकडे. प्रत्येक तुकडा 4 केबीचा धरला तर सेकंदाला तीनशे केबी. जी डिस्क सलग वाचताना शंभर एमबी देते, ती विखुरलेलं वाचताना एक एमबीसुद्धा देत नाही. डब्यावर छापतात तो पहिला आकडा. आणि माणूस सकाळी बटण दाबून ज्याची वाट बघत उभा राहतो, तो दुसरा.

छापखान्यात हे डोळ्यांनी दिसायचं. कोरल ड्रॉ उघडलं की काकांच्या ऑपरेटर ताई पदर खोचून केरसुणी हातात घ्यायच्या. तेवढ्यात खोली झाडून व्हायची. त्या मशीनवर मराठी फॉन्टच दीडेक हजार होते. श्रीलिपीचे, आणखी कुठकुठचे, कुणी पेन ड्राइव्हवरून आणून दिलेले, काही तर एकदाही न वापरलेले. प्रत्येक फॉन्ट म्हणजे एक छोटी फाइल, डिस्कच्या कुठल्या तरी कोपऱ्यात पडलेली, आणि प्रत्येकीसाठी तेरा मिलिसेकंद, कधी दोनदा-तीनदा. मी म्हटलं, ताई, यातले हजार काढून टाकूया. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या माळ्यावरची भांडी भंगारात घालायला सांगतोय. शेवटी नऊशे काढले. कोरल निम्म्या वेळात उघडायला लागलं आणि खोली अर्धीच झाडून व्हायला लागली, ही त्यांची तक्रार वेगळी.

1956 मध्ये आयबीएमनं रॅमॅक नावाची जगातली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. चोवीस इंची पन्नास तबकड्या, कपाटाएवढं धूड, मावायची फक्त 50 लाख अक्षरं. तिचा शोधवेळ 600 मिलिसेकंद होता. 2007 मध्ये टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी 1 टीबीची डिस्क आली. म्हणजे पन्नास वर्षांत पोटात मावणारा माल दोन लाख पटींनी वाढला आणि वाट बघणं मात्र कमी झालं सेहेचाळीस पटींनी. मी हा हिशेब एकदा दुकानात बसल्याबसल्या पावतीच्या पाठीवर केला आणि मग बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही. गोदाम अख्ख्या गावाएवढं वाढत गेलं, दार तेवढंच राहिलं आणि दारावरचा माणूसही एकच.

तपासणी करताना स्वतःचीच फसगत कशी होते याचे किस्से माझ्याकडे भरपूर आहेत, त्यातला एकच सांगतो. 2007 मध्ये एका क्लासवाल्यांच्या मशीनमध्ये मी नवी केबल घातली आणि त्यांच्यासमोर 300 एमबीचं फोल्डर कॉपी करून दाखवलं. जुन्या केबलनं वीस सेकंद, नव्या केबलनं सहा. ते खूश, मी खूश. घरी येताना पोवई नाक्यावर सिग्नलला उभा होतो तेव्हा लक्षात आलं की केबल बदलल्यावर तेच फोल्डर मी आधी एकदा सहज कॉपी करून पाहिलं होतं. विंडोजनं ते मेमरीत ठेवून घेतलं होतं. मी डिस्क तपासलीच नव्हती; मेमरीतून माल काढून मेमरीचंच कौतुक केलं होतं. तेव्हापासून मेमरीपेक्षा मोठी फाइल घेतो, दोन फेऱ्यांच्या मध्ये मशीन बंद करतो आणि तीन फेऱ्या करून मधला आकडा वहीत लिहितो. सगळ्यात चांगला आकडा लिहायचा मोह फार होतो, विशेषतः मागे गिऱ्हाईक उभं असताना.

आता 2009.

2008 सालच्या अगदी शेवटी ब्रेंडन ग्रेग नावाच्या, सन मायक्रोसिस्टिम्समधल्या इंजिनिअरचा एक छोटा व्हिडिओ आला होता. डिस्कनी भरलेल्या रॅकसमोर तोंड नेऊन तो जोरात ओरडतो आणि आलेखावर त्याच क्षणी डिस्कचा प्रतिसाद मंदावलेला दिसतो. ओरडण्यानं तबकड्या थरथरतात, हेडची जागा चुकते, पुन्हा प्रयत्न करावा लागतो. मी तो व्हिडिओ पाहिला आणि भारावून गेलो. पुढचे सहा महिने मला जिकडेतिकडे थरथरच दिसत होती. दुकानात पाहुणे आले की त्यांनाही दाखवायचो.

छापखान्यात तर थरथरीला काय तोटा? शेजारच्या खोलीत ऑफसेट मशीन, त्याच भिंतीला टेकून कॉम्प्युटरचं टेबल. ऑगस्टमध्ये मी चाचणी घेतली तेव्हा ऑफसेट चालू असताना पिवळे ठिपके सांडलेल्या मोहरीसारखे विखुरलेले दिसले. बंद केल्यावर बरेचसे रांगेत आले. मी कॅबिनेटखाली रबराची जाड पट्टी घातली, टेबल भिंतीपासून वीतभर लांब ओढलं. फरक पडला. ताईंना मी अर्धा तास व्याख्यान दिलं.

सप्टेंबरअखेर काकांचा निरोप आला. “इंजिनिअर, रोज नाही, पण दिवसातनं एक-दोनदा अडकतंय. माऊस फिरतो, पण काम होत नाही. मग आपोआप सुटतंय. आणि सकाळी उदबत्ती परत लांबायला लागलीया.”

मी गेलो. आलेख काढला. नव्वदवर सुरू, पन्नासवर शेवट, छान पायऱ्या, सरासरी पंचाहत्तर. फक्त मधोमध एका जागी खड्डा: रेघ तळाला टेकून परत वर आली होती. पलीकडे ऑफसेट धडधडत होतं. मी म्हटलं, “काका, ही थरथर आहे. सरासरी बघा, नव्यासारखी आहे.”

“पण उदबत्ती?”

“अँटिव्हायरस वाढलाय सकाळचा. चालेल अजून.”

काका काही बोलले नाहीत. आकडा माझ्याकडे होता.

करायला हवं होतं ते एवढंच: ऑफसेट बंद करून आलेख पुन्हा काढायचा. खड्डा सरकला किंवा नाहीसा झाला तर दोष बाहेरचा. दुसरा कुठला प्रोग्रॅम, थरथर, काहीही. खड्डा त्याच जागी राहिला तर तबकडीवर तिथं खरोखरच खड्डा आहे, तिथला सेक्टर वाचायला हेड पुन्हा पुन्हा धडपडतंय. दहा मिनिटांचं काम. शेजारच्याच टॅबवर डिस्क स्वतःचं दुखणं स्वतः लिहून ठेवते, न वाचता येणारे, निकाल न लागलेले सेक्टर किती ते. तो टॅब उघडायला दोन सेकंद. मी उघडला नाही. मला माझं निदान फार आवडलं होतं.

बारा दिवसांनी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, डिस्क गेली. ताईंचा फोन आला तेव्हा मागं आवाज ऐकू येत होता: टक्, टक्, टक्, थांबून पुन्हा टक् टक्. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. हेड आपली जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाही.

“बॅकअप आहे ना?” मी विचारलं.

“आहे की. सगळा डी ड्राइव्हला टाकलाय.”

सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावं आहेत हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. पार्टिशन पाडून देणारा मीच. सी विंडोजला, डी कामाला, ई गाण्यांना, असं सांगून उठलो होतो. घरात भिंत घातली म्हणून दोन घरं होत नाहीत, हे त्यांनी कुठून समजून घ्यायचं?

रात्रभर बसून लिनक्सच्या सीडीवरून जेवढं ओढता आलं तेवढं ओढलं. पत्रिकांचे नमुने बरेचसे आले, पतसंस्थांचे अहवाल आले. दिवाळी अंकाच्या फोल्डरमधल्या फायली उघडत होत्या, पण आत चौकोन आणि प्रश्नचिन्हं. पुण्याला रिकव्हरीसाठी पाठवायची तर आठवडा आणि अंक पाच दिवसांनी हवा.

सुदैवानं प्रुफं होती. कागदावर, लाल शाईनं तपासलेली, सुतळीनं बांधलेली. पुढच्या तीन रात्री ताईंनी टाइप केलं आणि मी वाचून दाखवलं. माझा टायपिंगचा वेग ऐकून त्यांनी मला कीबोर्डला हात लावू दिला नाही. स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरणचिन्ह सुरू, अवतरणचिन्ह बंद, नवा परिच्छेद. कवितांच्या वेळी फार पंचाईत: ओळ कुठं तोडायची ते मला आवाजात दाखवता येईना, तेव्हा ओळ संपली की मी टेबलावर पेन आपटायचो. एका कथेतली म्हातारी मेली ते मी रात्री अडीच वाजता स्वल्पविरामांसकट वाचलं. काका मधूनमधून चहा आणून ठेवायचे. तीन रात्रींत त्यांनी मला एकदाही काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

त्या वर्षी त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत. वहीत मात्र नवा रकाना आला, ‘गिऱ्हाईक काय म्हणालं’. जसंच्या तसं, त्याच्याच शब्दांत. त्या रकान्याला आकड्यापेक्षा कमी जागा द्यायची नाही, असं ठरवलं.

पुढची वर्षं भराभर गेली. 2011 च्या शेवटी थायलंडला पूर आला, डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि इथं साताऱ्यात डिस्कचे भाव जवळजवळ दुप्पट झाले. टंचाईत माल कुठूनही येतो. एका व्यापाऱ्यानं ‘नवी’ म्हणून दिलेली डिस्क मी लावली. वेग उत्तम, आलेख देखणा. आता शेजारचा टॅब उघडायची सवय लागली होती. तिथं चालू राहिल्याचे तास: अकरा हजारांच्या वर. चोवीसनं भागलं तर रात्रंदिवस सव्वा वर्ष. न थांबता इतकी चालणारी डिस्क घरातली नव्हे. कुठल्या तरी दुकानाच्या सीसीटीव्हीतून निघाली असणार. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणाला, “टेस्टिंगला लावली असेल.” सव्वा वर्ष टेस्टिंग! एवढी सखोल चाचणी मीसुद्धा कधी घेतली नाही.

मग 2019 मध्ये काकांचा पुतण्या आला. लग्नांचे फोटो, व्हिडिओ काढतो. नवीकोरी 2 टीबीची डिस्क, तास शून्य. “दादा, कॉपी करायला टाकलं की सुरुवातीला पळतंय, मग मरतंय. रात्री लावून झोपलो, सकाळी निम्मं पण नाही.”

आता जो प्रोग्रॅम सगळे वापरतात त्यानं चाचणी घेतली. सेकंदाला एकशे नव्वद एमबी, वाचायला आणि लिहायलाही. पाचही फेऱ्यांत तेच. दहा वर्षांपूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, सरासरी बघ.

रकान्यात लिहिलं: ‘सुरुवातीला पळतंय, मग मरतंय.’ आणि विचार केला की माझी चाचणी 1 जीबीची आणि याचं एक लग्न 300 जीबीचं. शंभर मीटर पळवून बघितलेल्या घोड्याला मी महाबळेश्वरच्या घाटाला जुंपतोय. मशीन दुकानात ठेवून घेतलं, त्याचंच लग्नाचं फोल्डर कॉपीला लावलं आणि थोड्या थोड्या वेळानं वेग वहीत लिहीत बसलो. 185. 180. 182. मग 60. मग 25. मग 0, चांगले अर्धा मिनिट शून्य, पुन्हा 30. संध्याकाळपर्यंत पानभर आकडे झाले. रात्रभर डिस्क नुसती चालू ठेवली, सकाळी पुन्हा कॉपी लावली तर परत 180.

कौलारू डिस्क होती ती. कमी जागेत जास्त माल मावावा म्हणून अशा डिस्कवर ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहितात, छपरावरच्या कौलांसारखे. वाचायला अडचण नाही, कौलाची उघडी कड दिसत असते. पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी उचलून परत बसवावी लागतात. म्हणून डिस्क आलेला माल आधी एका कोपऱ्यात भराभर टाकून ठेवते आणि सवड मिळाली की नीट रचते. कोपरा भरला आणि सवड मिळाली नाही की मग शून्य. माझी 1 जीबीची चाचणी त्या कोपऱ्यातच होऊन संपत होती. डब्यावर याचा कुठं उल्लेख नव्हता. पुढच्याच वर्षी, 2020 मध्ये, अशा कितीतरी डिस्क न सांगता विकल्या गेल्याचं उघड झालं आणि बड्या कंपन्यांना कुठल्या मॉडेलमध्ये ही पद्धत आहे ते जाहीर करावं लागलं. पुतण्याला मी त्याआधीच डिस्क बदलून दिली होती. ती कौलारू डिस्क अजून माझ्याकडे आहे, जुने बॅकअप ठेवायला. एकदा रचून ठेवायचं आणि हात लावायचा नाही, या कामाला ती उत्तम आहे.

त्याच 2020 च्या पावसाळ्यात, लॉकडाऊन जरा सैल झाल्यावर, काकांच्या मशीनमध्ये एसएसडी बसवली. पत्रिकांचं काम पार बसलं होतं, पन्नास माणसांच्या लग्नाला कोण पत्रिका छापणार? तरी ते म्हणाले, बसवून टाक. फिरणारं काही नाही, सरकणारं काही नाही. आलेख काढला: जवळपास सपाट, आणि इथं सपाट असणंच बरोबर. पिवळे ठिपके तळाला चिकटलेले, 0.1 मिलिसेकंद. मी सवयीनं स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून तिचं टोक टेकवलं. काहीच ऐकू आलं नाही. ताई हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन मी शटर उघडायच्या वेळी हजर. काकांनी बटण दाबलं. टेबल पुसायचं फडकं घ्यायला वळले, मग काय मनात आलं कोण जाणे, फडकं ठेवून थेट काडेपेटीच उचलली. पावसात काड्या सादळलेल्या. पहिली घासली, नुसता धूर. दुसरीचं गुल उडालं. तिसरी पेटली, तिच्या उजेडात त्यांनी उदबत्ती धरली आणि मान वळवून पडद्याकडे पाहिलं. सगळं आलेलं होतं. काडी बोटापर्यंत जळत आली तरी ते तसेच उभे.

“आता रं, इंजिनिअर?” ते म्हणाले. “आधी पूजा करू, का आधी बटण दाबू?”

मी वहीत 14 सेकंद लिहिलं आणि शेजारच्या रकान्यात त्यांचा प्रश्न, जसाच्या तसा.